विल्फची भट्टी

“आत हात घालू नका हं. त्या भोकात वॉम्बॅट राहतो, अस्वलाच्या पिलाएवढा, आणि त्याला पाहुणे आवडत नाहीत,” नोला म्हणाली, तशी भट्टीच्या तोंडाशी वाकलेली बाई चटकन मागे सरली. बाकीचे हसले.

बिंडाराच्या जंगलात हा तेलाचा कारखाना चाळीसेक वर्षं पडून होता. डोंगरातला काळा दगड इथे भाजून त्यातून तेल काढत. आता भट्ट्यांच्या विटा फोडून निलगिरीची झाडं वर गेली होती, धुरांडं वेलींनी झाकलं होतं. नोला हँब्ली आठवडाभर गावातल्या शाळेच्या कँटीनमध्ये सँडविच करायची आणि रविवारी इथे लोकांना फिरवायची. पगार नव्हता. जंगलाची देखरेख करणाऱ्या पार्कवाल्यांनी एक टोपी दिली होती, तीही उन्हाने विटली होती.

तिचा जन्म इथलाच. कारखाना बंद पडला तेव्हा ती सहा वर्षांची होती. लोकांनी लाकडी घरं अख्खी उचलून ट्रकवरून नेली, मागे उरली नुसती चुलीची धुरांडी. तिला स्वतःला आठवायचं ते थोडंच. वाळत घातलेल्या कपड्यांना येणारा तेलाचा वास, शनिवारी नाचाच्या हॉलमधलं अकॉर्डियन, पेंगत पेंगत आईच्या खांद्यावरून घरी येणं. बाकी सगळं वडिलांनी सांगितलेलं. पुढे वडील, म्हणजे विल्फ, रेल्वेच्या शेडमध्ये झाडलोट करायला लागला, पण जेवताना बोलायचा ते या भट्ट्यांबद्दलच.

“ही तिसरी भट्टी माझ्या वडिलांची,” ती नेहमीसारखी सांगू लागली. “दार उघडलं की भुवया करपायच्या. बाबा म्हणायचे, भट्टीकडे बघायचं नाही, तिचं ऐकायचं. पोट भरलेलं असलं की ती मांजरासारखी घुरघुरते आणि भूक लागली की खोकते.”

घोळक्याच्या मागे काठी टेकून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने मान वर केली. “काय नाव तुमच्या वडिलांचं?”

“विल्फ हँब्ली.”

 त्यानंतर म्हातारा भट्टीकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिला, हे नोलाच्या लक्षात आलं.

दुपारी सगळे नदीकाठी खायला बसले, तेव्हा ती थर्मास घेऊन त्याच्याकडे गेली. तो आपल्या मुलीबरोबर, शीनाबरोबर, एका ओंडक्यावर बसला होता.

“तुम्ही बाबांना ओळखत होतात?”

“ओळखायचो. मी यूअन रँकिन. त्या तिसऱ्या भट्टीवर होतो मी, बंद होईपर्यंत.”

“मग तुम्ही दोघं एकाच पाळीला असणार.”

रँकिनने चहाचा कप हातात फिरवला. मग मुलीला म्हणाला, “शीना, माझी राखण करत बसू नकोस. जा, नदीत पाय बुडवून ये.”

“पाणी बर्फासारखं आहे, बाबा.”

“मग एकच पाय बुडव.”

शीना पुटपुटत उठून गेली. रँकिन म्हणाला, “तुझा विल्फ भट्टीवर नव्हता, बाई. संडासाचे डबे उचलायचा. पहाटे घरांच्या मागच्या वाटेनं यायचा, भरलेला डबा खांद्यावर.”

नोलाला आधी हसूच आलं. “नाही हो. दुसरा कुणी असेल. बाबांना भट्टीतलं सगळं ठाऊक होतं. ते खोकणं, भुवया...”

“खोकायची ती. तू सांगितलंस ते सगळं खरं आहे. फेरी संपली की विल्फ अंग घासूनपुसून, स्वच्छ शर्ट घालून आमच्याकडे शेकायला यायचा. कारखान्याच्या कँटीनमध्ये बाकावर त्याच्या शेजारी कुणी बसत नसे. पोरं नाक धरायची. आमची नाकं तेलानं केव्हाच गेलेली, आम्हाला काय. बसायचा, हे कसं ते कसं विचारायचा. कान माझ्यापेक्षा तिखट होता. मला डुलकी लागली की हलवायचा. ‘यूअन, खोकतेय बघ.’”

“कुणीच कसं बोललं नाही मला?”

“कोण बोलणार? माणसं पांगली. तू शाळेत जाणार होतीस, तिथं पोरं तुलाही नाक धरून दाखवतील याची त्याला काळजी असेल.” त्याने पाण्याकडे गेलेल्या शीनाकडे बोट केलं. “या शीनाच्या वेळी माझी बायको अंथरुणाला खिळली होती, आणि मी रात्रपाळीला. विल्फ डबा बदलून जाताना आमची लाकडं फोडून ठेवायचा. रोज. मी आभार मानले, तर म्हणाला, कुऱ्हाड चांगली आहे तुमची.”

“इतकी वर्षं मी लोकांना खोटं सांगतेय,” नोला म्हणाली.

“खोटं कुठं? माणूस तेवढा चुकला.”

ती उठून पाण्याकडे गेली आणि कप विसळत बसली. तिला विल्फचा राग आला. रोज रात्री बटाटे कुस्करत कुस्करत हा माणूस दुसऱ्याची पाळी आपली म्हणून सांगत होता, आणि आई मान खाली घालून जेवत होती. मग तिला त्याचे हात आठवले. तो जेवायला बसण्याआधी कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचा, दोनदा. मरेपर्यंत. ती आणि आई त्याला चिडवायच्या, डॉक्टरसाहेब आले म्हणून. तोही हसायचा.

जेवणानंतर ती लोकांना मॅनेजरच्या बंगल्याच्या पायऱ्या दाखवायला न्यायची. त्या दिवशी ती मध्येच वळली, चुलींच्या धुरांड्यांच्या रांगेमागे गेली आणि ब्लॅकबेरीची जाळी काठीने बाजूला करू लागली. आत सिमेंटचा एक चौकोन होता, फार तर स्टुलाएवढा. थोडं पुढे दुसरा.

“इथे काय होतं?” मघाच्या त्या बाईने विचारलं.

“संडास. प्रत्येक घरामागे एक.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. नोला ते थांबेपर्यंत उभी राहिली.

“माझे वडील पहाटे या वाटेनं यायचे, डबे उचलायला,” ती म्हणाली. “विल्फ हँब्ली. भट्टी त्यांची नव्हती. ती या रँकिनसाहेबांची होती.”

 रँकिनने शीनाचा हात सोडवला आणि काठी टेकत पुढे आला. “ही वाट नदीपर्यंत जाते,” तो म्हणाला. “जायची, निदान.”

“बघू या,” नोला म्हणाली.

फर्नमधून वाट अजून ओळखू येत होती. पण ती एका माणसापुरतीच रुंद होती. नोला पुढे झाली, आणि बाकीचे सगळे तिच्या मागून एकामागे एक चालू लागले.