नळी नव्हती तेवढे दिवस

सृष्टीच्या छातीत नळी बसवली तवाच डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, "लेकरू लहान, अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी, त्यात नळीला सारखा हात लागणार. अशा पोरांनाच जंतू लवकर धरतो." रक्ताच्या कॅन्सरचं औषध त्या नळीतनंच जायचं. मी मान हलवली. न हलवून सांगते कुणाला?

पण आमच्या सासूबाई, गुरम्मा! अक्कलकोटवरनं आल्या त्या हात धुतले न धुतले, 'बा कूसे, बा' म्हंजे 'ये बाळा, ये' करत नातीला कवटाळलंच. त्यांच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी नळीत अडकली. पोरगी किंचाळली. नळी उपसून आली न्हाय हे नशीब. डबी काढून ठेवा म्हणावं, तर लिंग अंगावेगळं करत न्हाईत आम्हा लिंगायतांत. त्या दिवसापासनं सिस्टरचा हुकूम सुटला, छातीशी कुणीच धरायचं न्हाय. अवो, मी जन्म दिलाय हिला! तरी मी नुसतं शेजारी बसून पाय चेपायचे. जवळ असून लेकरासाठी जीव तुटायचा.

मग एकदा नळीतनं औषध सोडलं आणि पोरगी हुडहुडायला लागली. ताप फणफणला. नळीतच जंतू झाला होता. काढावी लागली. मग हाताच्या शिरा शोधून शोधून सुया. हात काळानिळा झाला माझ्या बाईचा.

ताप उतरला तशी सृष्टी आपणहून माझ्या मांडीवर चढली आणि छातीला छाती लावून झोपली. काय सांगू! तिच्या बोडक्या डोक्याचा वास घेत मी बसून ऱ्हायले. खरं बोलते, मला वाटलं, नकोच ती नळी आता. टोचू देत सुया. आईनं असं म्हणावं व्हय? पण लई दिवसांची भुकेली होते मी.

आज डॉक्टरीणबाई आल्या. "रक्तात आता जंतू नाही. नवी नळी आजच बसवू या."

"दोन दिवस थांबलं तर?"

"ताई, आजार थांबणार आहे का?"

मग म्हटलं, "बसवा."

सिस्टर न्यायला आली तवा लेकरू माझ्या छातीवर गाढ झोपलेलं.

"द्या ताई."

"घ्या की," मी म्हटलं.

तिनं हात पुढं केले. थोडं थांबली. "ताई, सोडा ना आता."

"सोडतेय की!" मी तिच्यावरच खेकसले. आणि माझेच हात मला सुटंनात.