रिकामा पंप

इंजिनच्या तापमानाचा काटा नव्वदच्या पुढे गेला. हंगामातली बोटीची पहिलीच फेरी, डावीकडे खडकांची रांग, आणि मेला वारा आम्हाला तिकडेच ढकलणारा. मी इंजिन बंद केलं. न करून सांगते कुणाला? आणखी दोन मिनिटांत ते कायमचं बसलं असतं.

"नांगर टाका, बाबा!"

नांगर पडला. दोरी सुटत गेली, मग ताणली. खडक इतके जवळ आले होते की त्यांच्यावरचं शेवाळ दिसत होतं. नांगर किती वेळ धरेल, कुणास ठाऊक.

खाली इंजिनपाशी उतरले तर बाबा माझ्याआधीच तिथे, फडकं घेऊन पाण्याच्या टाकीचं झाकण उघडायच्या बेतात. मी त्यांचं मनगट धरलं. पाणी तापलेलं असताना ते झाकण उघडलं तर तोंड भाजून निघतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं, तेही धपाटा घालून.

आमच्या इंजिनात दोन प्रकारचं पाणी. एक टाकीतलं, गोडं. ते आतल्या आत फिरतं. दुसरं समुद्राचं, पंप ते ओढतो, ते नळ्यांतून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेतं आणि मागून धुराबरोबर बाहेर पडतं. दोन्ही शेजारून जातात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. टाकी मी स्वतः भरली होती. म्हणजे समुद्राचं पाणीच येत नव्हतं. निघताना मागे पाणी पडतंय का, ते बघायचं काम बाबांचं. "पडतंय," म्हणाले होते.

समुद्राचं पाणी आत घेणारा खालचा कॉक उघडा होता, जाळीही साफ होती. मी पंपाचे स्क्रू काढायला घेतले. घाईत एक स्क्रू निसटून कुठेतरी गेलाच. झाकण निघालं आणि मी बघतच राहिले. पाणी ओढणारं रबरी पात्यांचं चक्र आत नव्हतंच.

हंगाम संपला की बाबा ते काढून ठेवतात, पाती वाकून बसू नयेत म्हणून. तीस वर्षं तेच काढतात, तेच बसवतात. त्या पंपाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. परवाच "बसवलं" म्हणाले होते.

बाबांनी वाकून पाहिलं. "कुणी काढलं हे?"

ते थट्टा करत नव्हते. हरवलेला चष्मा, विसरलेल्या किल्ल्या, सगळं मी आजवर वयावर ढकललं होतं. पण पंप? मला खडकांपेक्षा त्या प्रश्नाचीच जास्त भीती वाटली.

"मी काढलं," मी म्हणाले. "साफ करायला. बसवायचं राहून गेलं."

"राहून गेलं? अक्कल गहाण टाकलीस का गं? दोघंही मेलो असतो!"

डब्यातून नवं चक्र काढून त्यांनी पाती नेमकी वळवली आणि अंधाऱ्या कोपऱ्यात न बघता बसवलं. तोंड चालूच होतं. मी खाली मान घालून शिव्या खात होते. वर नांगराची दोरी करकरत होती.

शेवटचा स्क्रू आवळताना त्यांचा हात थांबला.

"खरंच तूच काढलंस ना, बाळा?"

"हो, बाबा," मी म्हणाले. माझ्याकडे न बघता त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता तूच आवळ."