तीन घरट्यांवरचे झाप

गुहागरच्या किनाऱ्यावरील कासवांच्या हॅचरीत हंगामाची शेवटची तीन घरटी उरली होती. हॅचरी सांभाळणाऱ्या दर्शनाने त्यांच्यावर नारळाच्या झापांची सावली धरली होती. अंडी वाळूत पुरल्यापासून विसाव्या दिवशी कासव महोत्सवाचे अध्यक्ष महिपतकाका कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"अगो, ते झाप काढ. सावलीत पिल्लं उशिरा निघतात. महोत्सवाची पन्नासाव्या दिवसाची तारीख छापून झाली."

"छापण्यापूर्वी अंड्यांना विचारलंत?"

"बाकीच्या घरट्यांना कुठे छत्री लागली?"

"म्हणूनच त्यांतून बहुतेक माद्या निघाल्या असणार, काका. नर घडवणारा जनुक प्रत्येक अंड्यात असतो. वाळू थंड असेल तर तो जागा होतो. तापली तर मिटलेलाच राहतो. पुढच्या पंधरा दिवसांत काय ते ठरेल, आणि ते मागाहून बदलत नाही."

राखणदार बाबू हसला. "म्हंजे पोथी सगळ्यांकडेच. कुठलं पान उघडायचं, ता वाळू ठरवणार!"

"महोत्सवाला पिल्लं दिसली नाहीत, तर हॅचरीची चावी माझ्या हातात ठेवायची," काका म्हणाले.

चार हंगाम ती चावी दर्शनाच्या कमरेला होती. तिने क्षणभर ती चाचपली.

"ठेवीन. झाप मात्र निघणार नाहीत."

महोत्सवाच्या सकाळी मांडव भरला. निघालेली पिल्ले अडावीत म्हणून घरट्यांवर पालथ्या घातलेल्या टोपल्या उचलल्या. खाली नुसती वाळू. काकांनी ध्वनिक्षेपक तिच्यापुढे सरकवला.

"माफी माग."

"आज एकही पिल्लू निघणार नाही," ती सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली. "चुकली आहे ती तारीख. माफी छापणाऱ्याने मागावी."

मग तिने चावी काकांच्या हातात ठेवली आणि मांडवातून चालती झाली.

महोत्सवानंतर सहाव्या पहाटे बाबूचा फोन आला. ती पोहोचली, तेव्हा वाळू हलत होती आणि काळी पिल्ले एकमेकांवर चढत समुद्राकडे निघाली होती. काकाही उभे होते.

"यांत नर किती?"

"बाहेरून पाहून सांगता येत नाही."

"मग तुझंच खरं कशावरून?"

"तुम्हांला पटावं म्हणून मी झाप घातले नव्हते."

शेवटचे पिल्लू लाटेत जाईपर्यंत ती थांबली. मग एकेक झाप वाळू झटकून तिने खांद्यावर घेतला.

"हे कुठे नेतेस?"

"घरी, माळ्यावर. चावी पुढल्या वर्षी कोणाकडेही असो, काका; सावली मीच धरणार."