मी तरफदारांचा झोपाळा नव्हे

मी एक जुना झोपाळा आहे. मित्रांनो, अशी हाक मारायची रीत आहे म्हणून मारतो, नाहीतर तुम्ही माझे कसले मित्र? आलात की चपला घालून माझ्यावर उभे राहता, साखळ्यांना पीळ घालता आणि मुरुक्कू खाल्लेली तेलकट बोटं माझ्याच कडेला पुसता. तरी तुम्ही परवडलात. तुम्ही निदान बसता. माझा खरा राग आहे तो एका बंगाली कवीवर आणि तो मेल्यावर उगवलेल्या त्याच्या भक्तांवर. या भक्तांनी मला घरातल्या नातीच्या, हरिणीच्या, लग्नाच्या तोंडावर घरातून उचलून कलकत्त्याला न्यायचं ठरवलं होतं. ते कसं ठरलं आणि पुढे काय झालं, तेच आज सांगतो. चुळबूळ न करता ऐका.

माझी फळी सागाची आहे, अखंड, कुठेही जोड नाही. आमचे घरधनी बालाजीराव, त्यांच्या आजोबांनी ती तंजावरच्या सुताराकडून करवून घेतली. पुढे बिऱ्हाड मद्रासला आलं तेव्हा लॉरीत भांड्यांच्या बरोबरीने मीही आलो आणि अड्यारच्या घरात दिवाणखान्याच्या तुळईला टांगला गेलो. आमच्या घरची मराठी तुमच्या पुस्तकातली नव्हे. ती जुन्या काळची, अर्धी तमिळ मिसळलेली. पण माझी तक्रार नाही, मला ती छान कळते.

आमच्याकडे लग्न म्हटलं की झोपाळा हवाच. नवरा-नवरीला माझ्यावर बसवतात, दूध-केळं भरवतात, बायका रंगीत भाताचे गोळे ओवाळून टाकतात आणि हलके झोके देत गाणी म्हणतात. या घरातली एकही मुलगी माझ्यावर बसल्यावाचून सासरी गेलेली नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. दुसरी रीत अशी की रिकामा झोपाळा हलवायचा नाही. हलवला तर घरात भांडण होतं, असं मोठी माणसं सांगतात. रांगत्या पोरांनासुद्धा हे शिकवलेलं असतं. हे नीट लक्षात ठेवा.

आता त्या कवीकडे वळू. नाव मृगांक तरफदार. आडनाव तरफदार, पण जन्मात त्याने कुणाची तरफदारी केली नाही. बंगालमध्ये नदीकाठच्या एका गावात छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या घरी जन्मला, शिकला, कलकत्त्यात कॉलेजात शिकवू लागला आणि कविता लिहू लागला. तिथवर ठीक होतं. मग त्याला दुसऱ्यांच्या कविता तपासायची खोड लागली. कुणाची भीड म्हणून नाही. सख्ख्या मित्राच्या पुस्तकावर त्याने असं लिहिलं की त्या मित्राने रस्ता बदलून चालायला सुरुवात केली. स्वतःच्या पहिल्या पुस्तकालाही सोडलं नाही. त्याच्यावर स्वतःच टीका लिहिली, खाली सही ठोकली आणि छापायला दिली! शेवटी त्याच्या कविता छापायला कुणी तयार होईना. तेव्हा डोळ्यांच्या ऑपरेशनच्या निमित्ताने महाशय मद्रासला आले आणि परत गेलेच नाहीत. कारण काय सांगायचा माहीत आहे? "या गावची लिपी मला वाचता येत नाही. त्यामुळे वाईट कविता वाचाव्या लागत नाहीत." म्हणजे बघा, आला तोही आमच्यावर उपकार केल्यासारखा.

बालाजीरावांनी त्याला माडीवरची खोली भाड्याने दिली. बालाजीराव शाळेत गणित शिकवायचे, स्वभावाने अगदी गाय. त्यांच्या बायकोने, कृष्णवेणींनी, पहिल्याच दिवशी ओळखलं की हे पाहुणं डोक्यावर बसणार. डोक्यावर नाही, माझ्यावर बसलं. माडीवर उकडतं म्हणून तो खाली आला आणि सकाळ-संध्याकाळ माझ्यावर ठाण मांडू लागला. स्वतः विकत आणलेली वेताची खुर्ची वर होती, तिच्यावर तो ओले टॉवेल वाळत घालायचा. आणि इथे बालाजीराव स्वतःच्या घरात जमिनीवर बसून पेपर वाचत. "सार, बसा बसा," म्हणत वर त्यालाच कॉफी देत. आमच्या गावात ज्याला त्याला सार म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण तो मात्र खरोखरच साऱ्या जगाचा साहेब असल्यासारखा बसायचा.

त्याची लिहायची तऱ्हा मला पुरती ठाऊक आहे, कारण ती मी सोसली आहे. टीका लिहायची असली की दोन्ही टाचा जमिनीवर रोवायचा. मला हलायची बंदी. कविता लिहायची असली की डावी टाच फक्त टेकवायची, उचलायची, टेकवायची, आणि त्या तालावर ओळ पुटपुटायची. शब्द अडला की टाच तिथेच थांबे, मी अधांतरी. कधीकधी कृष्णवेणींचा स्वयंपाक उरकला तरी माझा झोका पुरा होत नसे. बंगाली मला कळत नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. पण एवढं सांगतो की टाचा रोवलेल्या दिवसांपेक्षा टाच सुटलेले दिवस फार थोडे असत, आणि त्या दिवशी तो कृष्णवेणींच्या रस्समला नावं ठेवत नसे.

आता माझ्या रागाचं मूळ सांगतो. सौम्या ही बालाजीरावांची थोरली लेक. तेव्हा कॉलेजात होती. तिला गाणी जुळवायचा नाद होता. तिची चुलत बहीण तुळसी हिचं लग्न ठरलं, तेव्हा सौम्याने झोपाळ्याचं नवं गाणं रचलं, आमच्या घरच्या मराठीत. सोन्याचा झोपाळा, मोत्यांच्या साखळ्या, हसत बसलेली नवरी. घरात सगळ्यांनी वाहवा केली. कृष्णवेणींनी तर तिची दृष्ट काढली. तेवढ्यावर थांबावं ना? पण पोरीला वाटलं, घरात एवढा कवी बसलेला आहे, त्याला ऐकवू. तिने ते म्हणून दाखवलं आणि इंग्रजीतून अर्थ सांगितला.

तरफदारने दोन्ही टाचा रोवल्या. मी थांबलो आणि मनात म्हटलं, आता काही खरं नाही.

"चाल छान आहे," तो म्हणाला. "गाणं खोटं आहे. घर सोडून निघालेली मुलगी अशी हसत बसते? तू तिच्याकडे पाहिलंच नाहीस. तू साखळीचे मोती मोजत बसलीस."

अरे, एकोणीस-वीस वर्षांची पोर ती! कलकत्त्याच्या पंडितांना झोडायचा सोटा तिच्या पाठीत कशाला घालायचा? सौम्या उठून आत गेली. तुळसीच्या लग्नात माझ्याभोवती जुनीच गाणी झाली आणि सौम्या कोपऱ्यात ताटं मांडत राहिली. त्यानंतर तिने गाणं रचलेलं मी ऐकलं नाही. त्या दिवसापासून हा माणूस माझ्यावर बसला की मी मुद्दाम कडी करकरवायचो. त्याने तिच्यात तेल घातलं आणि पुन्हा बसला. लाज म्हणून नाही!

बरं, सोडून द्यावं ना? तेही नाही. सौम्या समोरून गेली की रोज एकच प्रश्न. "सौम्या, त्या मुलीचं काय झालं?" गाण्यातल्या मुलीचं! जणू ती शेजारीच राहते. सौम्या मान खाली घालून निघून जायची. पुढे सौम्याचंही लग्न झालं. तीही माझ्यावर बसली. तिच्या हाताच्या घामाने माझी उजवी साखळी ओली झाली होती, ते मला आठवतं. तरफदार मागे छत्री टेकून उभा होता, त्या वेळी मात्र काही बोलला नाही. पण ती माहेरपणाला आली की प्रश्न पुन्हा सुरू. म्हातारा झाला, पुन्हा दिसेनासं झालं, तरी पावलांवरून तिला ओळखायचा आणि विचारायचा, "त्या मुलीचं काय झालं?" मला संताप यायचा.

मग एका पहाटे तो गेला. कलकत्त्याला फोन केले, कुणी आलं नाही. बालाजीराव, त्यांचा मुलगा विश्वजित आणि शेजारचे नारायणस्वामी, एवढीच माणसं त्याला पोचवायला स्मशानात गेली. पुढे बालाजीरावही गेले. मला वाटलं, चला, कवीचा विषय संपला.

कसला संपतो! हयातीत ज्याला कुणी छापलं नाही, त्याच्या कवितांच्या आता तिकडे आवृत्त्यांवर आवृत्त्या निघू लागल्या. स्मृती समिती स्थापन झाली. तिचे सचिव विमानाने आले, घामाघूम होऊन घरात शिरले आणि म्हणाले, "कवी जिथे बसून लिहीत, ते आसन आम्हाला हवं." विश्वजितने माझ्याकडे बोट दाखवलं. त्याचंही चुकलं असं मी म्हणत नाही. घर बिल्डरला दिलं होतं, आणि वेलचेरीत घेतलेल्या नव्या फ्लॅटच्या छताला कडी नव्हती. त्याने शब्द देऊन टाकला. सचिवांनी मग सगळी योजना सांगितली: काचेची खोली, भोवती लाल दोरी आणि पाटी, 'बसू नये'. ऐकताय ना? झोपाळ्यावर 'बसू नये'! आणि न्यायची तारीख हरिणीच्या लग्नाच्या आठवडाभर आधीची. हरिणी म्हणजे सौम्याची मुलगी. म्हणजे घरातली पहिली मुलगी माझ्यावर न बसता जाणार होती. विश्वजित म्हणाला, "मंडपवाल्याकडे भाड्याने मिळतो झोपाळा, प्लास्टिकच्या फुलांचा." सौम्याचे डोळे भरून आले, पण भावाने शब्द दिला होता, म्हणून ती गप्प राहिली.

न्यायच्या दिवशी सचिव कॅमेरावाल्याला घेऊन आले. फिल्म काढायची होती. सचिव म्हणाले, "कवी नाही, पण त्यांचा झोका अजून हलतो आहे, असं दाखवू." आणि त्या शहाण्याने मला, रिकाम्या झोपाळ्याला, जोरात ढकललं.

मित्रांनो, लग्नघरात, देवापुढे निरांजन तेवत असताना! कृष्णवेणी आता थकल्या आहेत, भिंत धरून चालतात. पण स्वयंपाकघरातून त्या अशा आल्या की कॅमेरावाला दोन पावलं मागे सरला.

"अय्यो! पोदुम, पुरे! हात काढा आधी! लग्नाच्या घरात रिकामा झोपाळा हलवता? तुम्हाला कुणी शिकवलं नाही?"

"अम्मा, शूटिंग आहे," विश्वजित म्हणाला.

"शूटिंग गेलं खड्ड्यात. सौम्या, बस. आधी बस त्याच्यावर."

रिकामा हललेला झोपाळा तसाच सोडत नाहीत, कुणीतरी बसावं लागतं. सौम्या धावत आली आणि बसली. तिने माझी उजवी साखळी धरली, अगदी तिथेच. सचिव म्हणाले, "मॅडम, आपण फ्रेममध्ये येता आहात, जरा उठता का?"

सौम्या उठली नाही. "हा झोपाळा तुमच्या कवीचा नाही," ती म्हणाली. "यावर माझी मुलगी बसणार आहे."

"अक्का, मी त्यांना शब्द दिलाय," विश्वजित म्हणाला.

"शब्द तुझा, झोपाळा माझा," कृष्णवेणी म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांच्या वडिलांचा. तुझ्या शब्दावर बसव तुझ्या भाचीला."

झालं! भाऊ-बहीण, आई-मुलगा, सचिव-कॅमेरावाला, सगळे एकमेकांवर ओरडू लागले. रिकामा झोपाळा हलवला की भांडण होतं म्हणतात ते काही उगीच नाही. शेवटी कृष्णवेणींनी माडीवरची वेताची खुर्ची खाली आणवली. "ही घ्या. त्यांचीच आहे. त्यांनी पैसे देऊन आणलेली." यात एक अक्षर खोटं नव्हतं. सचिवांनी खुर्चीला डोळे मिटून नमस्कार केला. आज कलकत्त्यात त्या खुर्चीभोवती लाल दोरी आहे आणि माणसं चपला काढून आत जातात म्हणे. टॉवेल वाळत घालायची खुर्ची! मला हसू आवरत नाही.

हरिणीच्या लग्नाला मला टेंपोतून मंडपात नेलं, साखळ्यांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या. हरिणी आणि नवरा बसले. दूध-केळं झालं. जुनी गाणी झाली. मग सौम्या पुढे आली. मला आधी कळेचना काय चाललं आहे. चाल ओळखीची होती, तुळसीच्या वेळची. मोती नव्हते, सोनं नव्हतं.

साखळी घट्ट धरिते नवरी, पाय भुईला पोचेना,
हळूच द्या गं झोका बायांनो, घर मागचे सुटेना.

बायका हसता हसता थांबल्या. हरिणीने माझी साखळी घट्ट धरली होती, तिचा हात घामाने ओला झाला होता, आणि ती आईकडे बघत होती. कृष्णवेणींनी पदर तोंडाला लावला. मला त्या वेळी तुळसीचा हात आठवला, सौम्याचा आठवला, त्यांच्या आधी बसलेल्या सगळ्या मुलींचे हात आठवले. एकही हात कोरडा नव्हता. इतकी वर्षं साखळ्या माझ्या होत्या, आणि हे त्या आंधळ्या म्हाताऱ्याला दिसलं होतं.

सध्या मी वेलचेरीत आहे. छताला कडी नाही म्हणून विश्वजितने निमूटपणे लोखंडी चौकट करून आणली. मला ती आवडत नाही, पण तिच्यावर माझी फळी झुलते. मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे: वस्तू जपायची म्हणजे तिला दोरी बांधून नमस्कार करायचा नाही. चपला काढा, हात पुसा आणि बसा. कडी करकरली तर तेल घाला. उठल्यावर मला हाताने थांबवा, रिकामा हलत ठेवू नका.

आणि तरफदार? त्याला मी माफ केलेलं नाही. बोलायची ती पद्धत नव्हे, हे मी आजही म्हणतो. पण आता त्या मुलीचं काय झालं, हे मला सांगता येतं. सौम्यालाही सांगता येतं. आणि विचारायला तो मेला इथे बसलेला नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.