डावा पाय, उजवा पाय

नाव: कुणी ठेवलेच नाही.
वय: सतरा वर्षे.
काम: लोकांचे पाय लक्षात ठेवणे.

मित्रांनो, मी बूट शिवणाऱ्या एका लहान कारखान्यातला जुना संगणक-प्रोग्रॅम आहे. मला रकान्यांत बोलायची सवय आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

जन्म: मी बाजारातून आलेलो नाही. मला आत्याने घडवले. आत्या म्हणजे कारखान्याच्या मालकांची, बाबांची, धाकटी बहीण. ती आठवडाभर बाबांशेजारी स्टुलावर बसून त्यांचे काम नुसते बघत होती. बाबांकडे येत ते पायांनी अडवलेले लोक. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी.

"दादा, माप लिहायला एक रकाना ठेवते."

"कुठल्या पायाचं माप?" बाबांनी विचारले.

त्या एका प्रश्नाने मला दोन रकाने मिळाले, डावा आणि उजवा. तिसरा रकाना शेऱ्याचा. मी चालतो का, हे बघायला पहिले माप हवे होते, म्हणून बाबांनी खेळत्या लेकीलाच धरून आणले.

उमेदीचे दिवस: बाबा शेऱ्यात काय काय लिहीत! 'जिना उतरताना कठडा धरतात, डावी टाच मऊ ठेवणे.' 'नवा बूट नको म्हणतात, जुन्यासारखाच दिसावा.' "तुमच्यापेक्षा याची आठवण दांडगी," असे गिऱ्हाईक म्हणाले, की बाबाच फुशारत.

दुखणे: मी म्हातारा झालो. उघडायला तीन-तीन मिनिटे घेऊ लागलो. आत्या दूरच्या गावी गेली आणि माझ्या पोटात काय आहे हे कळणारे कुणी उरले नाही.

आता कारभार लेकीकडे होता. सगळे तिला ताई म्हणत. ती म्हणाली, "बाबा, उद्या हा बसला तर आत्याला काय उचलून आणायचं?"

तिचे चुकत नव्हते. तिने तयार प्रोग्रॅम घेतला. तो चपळ होता. चामडे संपत आले की आधी सांगे, गिऱ्हाइकाला परस्पर निरोप धाडी. फक्त त्याला मापाचा रकाना एकच होता.

"मग एकेकाची नोंद दोनदा करा की!" विकणारा म्हणाला.

तसे केले. वाढदिवसाच्या शुभेच्छाही प्रत्येकाला दोनदा जाऊ लागल्या.

फजिती: एका सकाळी निवृत्त शिक्षिका आल्या. सगळे त्यांना बाई म्हणत. 'तुमची ऑर्डर तयार आहे' हा निरोप त्यांना मिळाला होता. ताईने खोका उघडला. आत फक्त डावा बूट. उजव्याची नोंद वेगळी, म्हणून तो रांगेत मागे पडलेला.

"उजवा शुक्रवारी होईल, बाई."

"मग शुक्रवारपर्यंत लंगडी घालू का गं?" बाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "उद्या शाळेचा समारंभ आहे. एकदा तरी काठीशिवाय स्टेजवर चढायचं होतं."

ताईचा चेहरा उतरला. बाबांनी हत्यारे काढली, पण नव्याकडे आकडा होता, शेरा नव्हता. ताईने मला उघडले. मी धापा टाकत उठलो.

मी उघडलो की आधी पहिली नोंद दाखवतो. ती ताईने इतक्या वर्षांत कधी वाचलीच नव्हती.

डावा: १९.८. उजवा: १९.४. शेरा: 'दोन्ही सारखे नाहीत. कुणाचेच नसतात. पोर हसत होती, म्हणून दोनदा मोजले.'

ताईने ती नोंद दोनदा वाचली. मग तिने बाईंचा शेरा मोठ्याने वाचला, 'उजवा तळवा आतून उचलून देणे, चालताना घाई करतात.' दिवे लागायच्या आत बूट तयार झाला. दुसऱ्या दिवशी बाई काठी खुर्चीला टेकवून स्टेजवर चढल्या.

निकाल: ताईने आत्याला फोन लावला. "चामडं आणि निरोप तयारवाला बघेल. पायांसाठी मात्र नवा घडव. आणि या खेपेला त्याच्या पोटातलं सगळं कागदावर लिहून ठेव."

म्हणजे मी जाणार. वाईट वाटते, मित्रांनो, पण रुसलेलो नाही. तयार घ्या किंवा घडवून घ्या; आधी कुणीतरी आठवडाभर स्टुलावर बसून बघा. आणि जुन्याला निरोप देताना त्याचा शेरा तेवढा वाचा.

काल आत्या आली आणि तिने घडवलेल्या नव्याची चाचणी झाली. ताई स्टुलावर बसली, बाबा फीत घेऊन गुडघ्यांवर. डावा २४.१, उजवा २३.६.

"शेरा काय लिहू, दादा?" आत्याने विचारले.

बाबांनी फीत पुन्हा एकदा लावली.

"लिही, अजून हसते."