माझ्या पात्याखालची झालर

नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो, पण मी एक जुना, हाताने फिरवायचा मायक्रोटोम आहे. माझं काम काप काढण्याचं. ऑपरेशनमध्ये काढलेला शरीराचा छोटासा तुकडा मेणाच्या वडीत बसवतात, ती वडी माझ्या पकडीत घट्ट आवळतात आणि चाक फिरवलं की पात्यावरून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप सुटत जातात. ते कोमट पाण्यावर तरंगतात, काचेवर चढतात, रंग लावून घेतात आणि शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली जातात. तिथे काय दिसतं, हे मला कुणी सांगत नसे. मेहनत माझी आणि बघण्याची मजा दुसऱ्याची! या एका गोष्टीवरून मी आयुष्यभर आतल्या आत कुरकुरत आलो.

कारखान्यात मला ओतलं, घासलं, तेल पाजलं आणि या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी बसवलं. मला चालवायचे ते मामा. सगळी प्रयोगशाळा त्यांना मामाच म्हणे. त्यांचा हात इतका सफाईदार की शिकायला आलेल्या मुली काम सोडून बघत राहत. मग माझंही कौतुक व्हायचं आणि मी फुगून जायचो.

पुढे डॉक्टरबाई आल्या. त्या बायकांच्या पोटातल्या कर्करोगावर संशोधन करत आणि त्यांना एक प्रश्न छळत होता. ज्याला आपण अंडाशयाचा कर्करोग म्हणतो, तो खरंच तिथे सुरू होतो का? अंडाशयाशेजारी गर्भनलिका असते आणि तिच्या टोकाला नाजूक झालर असते. रोगाचं बी आधी त्या झालरीत पडत असेल, असा बाईंचा संशय होता. आमच्याकडे नलिकेचा एखादाच काप बघून उरलेली टाकून देत. बाईंनी नियम केला, झालर शेवटपर्यंत कापायची.

“बाई, ही नळी आहे की काकडी?” मामा वैतागले. “किती चकत्या पाडायच्या?”

“संपेपर्यंत, मामा. आपण जिथे बघतच नाही, तिथेच ते लपून बसलं असेल तर?”

झालं! त्या दिवसापासून मलाही चैन पडेना. प्रत्येक कापाबरोबर वाटायचं, असेल का यात?

एक शिवणकाम करणारी ताई या अभ्यासात आली. तिची आई आणि मावशी याच आजाराने गेल्या होत्या. तोच धोका तिच्यातही उतरलाय असं रक्ताच्या तपासणीत निघालं, म्हणून ठणठणीत असतानाच तिने अंडाशय आणि नलिका काढून घेतल्या. धाकट्या बहिणीला मात्र तपासणीचं नाव नको होतं. “ताईच्या काढलेल्या भागात काही निघालं नाही, तर मी उगाच कशाला?” असं तिचं म्हणणं.

आता मामांची एक सवय सांगतो. नवं पातं ते रोग असलेल्या तुकड्यांसाठी राखून ठेवत आणि निरोगी माणसाच्या वडीला झिजलेलं लावत. त्यात दुष्टपणा नव्हता, नुसती काटकसर होती. ताई निरोगी, म्हणून तिची झालर झिजलेल्या पात्याखाली आली. मला खरखर जाणवत होती, पण बोलणार कोणत्या तोंडाने?

थोड्या वेळाने बाई काच घेऊन धावतच आल्या. “मामा, कापावर ओरखडा आहे. आणि नेमकं तिथेच काहीतरी गडद दिसतंय. रोग आहे की पात्याने चुरगळलंय, कळत नाहीये.”

मामांचा चेहरा उतरला. “वडीत आता फारसं उरलं नाही हो, बाई.”

“आहे तेवढं काढा. पातं बदलून.”

मामांनी वडी बर्फावर गार केली, नवं पातं बसवलं आणि श्वास रोखून चाक फिरवलं. पहिला काप फाटला. दुसरा सुरकुतला. मग एक अखंड उतरला, आणि त्यानंतर नुसतं मेणच येऊ लागलं. ती काच शेजारच्या खोलीत गेली आणि मला पहिल्यांदा वाटलं, उत्तर कळलं नाही तरी बरं.

दुसऱ्या दिवशी ताईला बाहेर बसवेना. ती बहिणीला घेऊन थेट आमच्या दारातच आली. बाईंनी तिचा हात धरला.

“सापडलंय, ताई. पण अगदी बारीक आहे, पसरलेलं दिसत नाही. पुढच्या तपासण्या करू, उपचार करू. वेळेत सापडलंय.”

ताई स्टुलावर टेकली. आता रडेल असं मला वाटलं, पण तिने विचारलं, “कुठे होतं?”

“झालरीत.”

“झालरीच्या चुण्यांत सुई हरवली की मलासुद्धा सापडत नाही,” ती म्हणाली. मग हळूच, “म्हणजे आईचंही तिथेच सुरू झालं असेल?”

“असेल. तेव्हा तिथे कुणी बघतच नव्हतं.”

“आई म्हणायची, पोट फुगल्यासारखं वाटतंय. आम्ही म्हणायचो, वय झालं तुझं.”

धाकटी इतका वेळ दारातच उभी होती. ती पुढे आली आणि तिने बाही वर सारली. “माझं रक्त कुठे द्यायचं?”

आता माझ्या जागी विजेवर चालणारं यंत्र आलंय आणि मी कपाटावर धूळ खात बसलोय. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. तुमची आई, मावशी किंवा आजी ‘काही नाही रे, जरासं दुखतंय’ म्हणाली, तर तेवढ्यावर खेळायला पळू नका. कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, असं तिला विचारा. ती ‘राहू दे’ म्हणेल. तरी विचारा.