अप्पांची वाटी

घरात ख्रिस्ती कोणी नव्हतं, तरी दर नाताळच्या दुपारी नाशिक रोडच्या त्या फ्लॅटमध्ये तोच जुना इंग्रजी विनोदी सिनेमा हिंदीतून लागायचा. रोहित लहान असताना सीडी होती, आता पेनड्राइव्ह. संवाद सगळ्यांना पाठ होते. पुढचं ठाऊक असल्यामुळे हसू प्रसंगाच्या आधीच सुरू व्हायचं.

सिनेमात नवा पाहुणा साखरेऐवजी मीठ पडलेलं पुडिंग तोंडात घेतो आणि कुंडीत थुंकतो. त्याच वेळी घरात नव्याने आलेल्या माणसाला खारट शिऱ्याची वाटी द्यायची, ही रोहितच्या आईची, मोहिनीबाईंची रीत. इतरांच्या वाट्या नंतर भरायच्या. तेवढा वेळ टीव्हीकडे कोणी बघत नसे. सगळे त्या माणसाचं तोंड बघत.

मागच्या नाताळात ती वाटी रोहितच्या नव्या बायकोला, सायलीला मिळाली होती. ती बेसिनकडे धावली. हसून झाल्यावर मोहिनीबाईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, आता तू आमची झालीस. लग्नापासून सायली या एका वाक्याची वाट बघत होती.

यंदा तिचे वडील निवृत्तीअप्पा दिंडोरीकडच्या गावाहून आले होते. मोहिनीबाईंनी शिरा सायलीलाच करायला सांगितला. अप्पांना नको, असं ती हळूच म्हणाली.

"अजून माहेरचीच का गं तू?" मोहिनीबाईंनी हसत विचारलं.

सायलीने कढईतला थोडा शिरा वाटीत काढला आणि त्यात मीठ कालवलं.

सिनेमात पुडिंगचा प्रसंग आला. अप्पांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि त्यांचा जबडा थांबला. त्यांनी सायलीकडे पाहिलं. मग घास गिळला, दुसरा घेतला, आणि वाटी चाटूनपुसून संपवली.

"लय ग्वाड झालाय," ते म्हणाले.

रोहितने उशीत तोंड खुपसलं. मोहिनीबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. टीव्हीवरचं बघून सगळे हसतायत असं वाटून अप्पाही हसले. इतरांच्या वाट्या भरायला सायली उठली तसे ते घाईने म्हणाले, कढईत आहे तेवढा सगळा डब्यात भर, मला घरी न्यायचाय. हसणं पुन्हा उसळलं. त्यात सायलीही होती.

एसटीपाशी डबा काखेत धरून अप्पा तिच्याशी हलक्या आवाजात बोलले.

"मिठाकडं बघत जा, बाई. माणसं चांगली हायेत. समदा शिरा मी डब्यात भरून घेतला, तरी कुणी तोंडातून शब्द काढला नाय."

घरी येऊन सायलीने हे वाक्य त्यांच्याच आवाजात करून दाखवलं. त्या दिवशीचं सगळ्यात मोठं हसू त्याला मिळालं. मोहिनीबाईंनी तिची दृष्ट काढली.

संध्याकाळी अप्पांचा फोन आला.

"डब्यातला शिरा ग्वाडच हाय, सायले."

सायलीने हळूच खोलीचं दार लोटून घेतलं. बरं, एवढं म्हणून अप्पांनी फोन ठेवला. या फोनबद्दल तिने घरात कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या नाताळचं बोलावणं गेलं, तेव्हा अप्पांनी द्राक्षबागेत काम असल्याचं कळवलं. सिनेमा लागला. पाहुण्याने कुंडीकडे तोंड वळवलं, आणि सोफ्यावरचे सगळे एका सुरात म्हणाले, "कुणी तोंडातून शब्द काढला नाय."

सायलीने सगळ्यांच्या आधी सुरुवात केली होती.